कबुतरं कमी करण्याचा तक्ता

केरमानच्या त्या व्यसनमुक्ती केंद्रात रोज पंधरा-वीस बायका येत. कुणाचा नवरा अफूचा, कुणाचा भाऊ नव्या पांढऱ्या पुडीचा, कुणाचा दीर मोबाइलवर रात्रंदिवस जुगार खेळणारा. पण नवऱ्याची कबुतरं सोडवून द्या म्हणून आलेल्या बाई इशरत खानम पहिल्याच.

"किती कबुतरं आहेत?" समुपदेशक तहमिनेनं विचारलं. पोरगी तिशीची, चष्मा कायम कपाळावर, आणि हसू दाबायची सवय नसलेली.

"काल संध्याकाळपर्यंत चाळीस. आज सकाळी मोजली नाहीत, माझा धीर झाला नाही."

माशाल्ला, म्हणजे इशरत खानमचा नवरा, याच केंद्राचा जुना रोगी. तीस वर्षं बंदर अब्बास ते तेहरान ट्रक हाकला आणि डोळे उघडे राहावेत म्हणून अफू ओढली. निवृत्त झाल्यावर डोळे उघडे ठेवायचं काही कारण उरलं नाही, अफू मात्र उरली. मग केंद्रानं त्याला अफूचं सरबत दिलं आणि दर तीन आठवड्यांनी मात्रा थोडी थोडी उतरवत अकरा महिन्यांत शून्यावर आणली. घरी फ्रिजवर तक्ता लावून चमचा चमचा मोजला तो इशरत खानमनी. तीस वर्षं मुलींच्या शाळेत गणित शिकवलेली बाई. तिच्या चमच्यात थेंब इकडचा तिकडे होण्याची शक्यता नव्हती. त्याला आता चौदा महिने झाले होते. पण शेवटचा चमचा संपला त्याच महिन्यात माशाल्ला बाजारातून कबुतरांची एक जोडी घेऊन आला होता.

"अफू होती तेव्हा निदान घरात तरी असायचा," इशरत खानम म्हणाल्या. "आता सकाळी चहा घेऊन गच्चीवर जातो तो अंधार पडल्यावर उतरतो. जेवायला हाक मारली की वरून शिट्टी वाजवतो. ती मला असते की कबुतरांना, तेही कळत नाही."

तहमिने पोटभर हसली, मग डोळे पुसून कामाला लागली. "असं बघा, व्यसन हे वस्तूवरून ठरत नाही. तसं असतं तर अर्ध्या केरमानला चहासाठी इथं भरती करावं लागलं असतं. आम्ही चार गोष्टी विचारतो." आणि तिनं कागदावर लिहून दिलं: पूर्वीपेक्षा जास्त लागतं का? नाही मिळालं तर अंगाला त्रास होतो का? लपवाछपवी करतो का? नुकसान दिसत असूनही सोडवत नाही का?

"चारही हो," कागद वाचून व्हायच्या आत इशरत खानम म्हणाल्या.

"चाळीस कबुतरं लपवतो?"

"बरं, तीन हो. आता उपाय सांग."

"उपाय ज्याचा त्याचा वेगळा असतो, खानम. अफूचं शरीर मागतं, म्हणून ती हळूहळू उतरवावी लागते. जुगाराला सरबत नाही; तिथं बोलणं, आणि फोन दुसऱ्याच्या हातात देणं. कबुतरांचं औषध माझ्याकडे नाही. आणि खरं सांगू, ते लागेल असंही मला वाटत नाही."

इशरत खानमनी दोन बोटांनी कानशील दाबलं. तहमिनेनं चष्मा डोळ्यांवर घेतला. "डोकं दुखतं?"

"अकरा वर्षं. गोळी घेतली की थांबतं."

"कुठली गोळी?"

"साधीच, कोडीनची. सगळ्या बायका घेतात."

"दिवसाला किती?"

"मी कबुतरांसाठी आले आहे," इशरत खानम म्हणाल्या. चाळीस मुलींचा वर्ग ज्या आवाजात गप्प बसायचा, तो आवाज त्यांनी निवृत्तीनंतरही जपून ठेवला होता. तहमिने गप्प बसली. पण कागद तिनं परत मागितला नाही.

घरी येईपर्यंत इशरत खानमचा बेत पक्का झाला होता. तहमिनेच्या सगळ्या बोलण्यातून त्यांनी एकच शब्द उचलला होता: हळूहळू. चाळीस कबुतरं, दर तीन आठवड्यांनी पाचवा हिस्सा कमी. चाळीसाची बत्तीस, बत्तीसाची सव्वीस, सव्विसाची एकवीस. हिशेबात जिथं अर्धंमुर्धं कबुतर येत होतं तिथं त्यांनी उदार मनानं कबुतराच्या बाजूनं सूट दिली. तक्ता आखला, फ्रिजवर लावला आणि माशाल्लाला खाली बोलावलं.

या दोघांच्या संसारात पहिल्या दिवसापासून एक रीत होती. तो ट्रकवाला, ती शिक्षिका. म्हणून तो तिला "खानम", म्हणजे बाईसाहेब, आणि "तुम्ही" म्हणे, आणि ती त्याला "तू". इतक्या वर्षांत दोघांपैकी कुणालाही त्यात वावगं वाटलं नव्हतं.

माशाल्लानं तक्ता वरून खाली वाचला. मग हात छातीवर ठेवून मान लववली. "तुमचा शब्द माझ्या डोळ्यांवर, खानम."

इतक्या पटकन हो म्हणाला तेव्हाच बाईंनी ओळखायला हवं होतं. पण गणित सुटल्याच्या आनंदात माणसाला भान राहत नाही.

पहिली आठ कबुतरं माहानला माशाल्लाच्या चुलतभावाकडे द्यायची ठरली. इशरत खानम स्वतः सोबत गेल्या. पस्तीस किलोमीटर म्हणजे काय मोठा प्रवास. पण तिथं चहा झाला, मग कलिंगड झालं, मग "जेवूनच जा" झालं, मग "छे छे, तुम्हाला त्रास कशाला" झालं, मग पुन्हा "जेवल्याशिवाय सोडणार नाही" झालं, आणि हे सगळं रीतसर तीनदा होऊन, जेवून, दारातला निरोपही अर्धा तास चालून ते निघाले तेव्हा चार वाजले होते. घरी पोचून पाहतात तर आठही कबुतरं गच्चीच्या कठड्यावर ओळीनं बसलेली. शेजारी नववं होतं. ते चुलतभावाचं.

"याला काय म्हणायचं?" इशरत खानमनी विचारलं.

"पाहुणा म्हणायचं," माशाल्ला म्हणाला.

विकत घेतलेल्या कबुतराचे पंख काही आठवडे बांधून ठेवावे लागतात, नाहीतर ते जुन्या घरी परततं, हे केरमानमधल्या कुठल्याही कबुतरबाजाला झोपेतून उठवून विचारा. चुलतभावाला ते माहीत होतं. माशाल्लाला तर माहीत होतंच. फक्त गणिताच्या बाईंना कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी विचारलं नव्हतं. तक्त्यावर बत्तीसच्या जागी त्यांनी लाल पेनानं एक्केचाळीस लिहिलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी रायेनचं गाव निवडलं, शंभर किलोमीटरवरचं. कबुतरं दुसऱ्या दिवशी दुपारी आली आणि येताना वाटेत कुणाच्या तरी दोन माद्या फितवून घेऊन आली. त्रेचाळीस. तक्त्याची रेघ खाली उतरायची ती वर चढत कागदाबाहेर गेली, तेव्हा इशरत खानमनी वर आणखी एक कागद चिकटवला. डोकं इतकं ठणकायला लागलं की दिवसाला आठ गोळ्या पुरेनात. दहा झाल्या. कबुतरांमुळे, दुसरं काय.

आणि मोजणी चोख हवी म्हणून त्या स्वतः गच्चीवर जाऊ लागल्या. हातात जुनी हजेरीवही. सगळी कबुतरं करडी किंवा पांढरी, ओळखायची कशी? म्हणून जुन्या विद्यार्थिनींची नावं दिली. घाबरट पांढरी ती मेहरी, सतत भांडणारी ती अख्तर, उडायचा कंटाळा करून कठड्यावरच बसणारी ती फरांगीस, जिच्या नावाची मुलगी सातवीत दोनदा बसली होती. सकाळी आठला हजेरी. माशाल्ला बांबू हातात धरून शांतपणे उभा राही आणि प्रत्येक नावाला "हजर" म्हणे.

"मी फक्त मोजायला येते," इशरत खानम रोज बजावत.

"अर्थात, खानम."

एकदा दुपारी दोनपर्यंत मेहरी परतली नाही. इशरत खानमनी ताटातला भात तसाच ठेवला आणि तीन वेळा जिना चढल्या. आपण कबुतरं घालवायला निघालो होतो हे त्यांच्या लक्षात आलं ते मेहरी आल्यावर, तिला ओंजळीतून दाणे भरवताना. त्याचा त्यांना भयंकर राग आला. उरलेला तक्ता एका दमात उरकायचा, या रागाच्या भरात त्यांनी तिसरी खेप जाहीर केली: वीस कबुतरं, थेट बाम, जवळजवळ दोनशे किलोमीटर.

निघायचं पहाटे होतं. टोपल्या गाडीत चढवताना अख्तरनं इशरत खानमच्या काळ्या हातपिशवीवर नेम धरून शिटलं. पिशवी धुवायला वेळ नव्हता. घाईघाईनं त्यांनी तपकिरी पिशवी घेतली, पैसे आणि रुमाल तिच्यात कोंबले आणि गाडीत बसल्या. चष्म्याची डबी काळ्या पिशवीत राहिली. त्या डबीत चष्मा कधीच नसे.

रायेनचा फाटा मागे पडला तेव्हा इशरत खानमना पहिली जांभई आली. मग दुसरी. मग लागोपाठ तीन, जबडा निखळेल अशा. नाक वाहायला लागलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. उन्हाळ्याचे दिवस, गाडीत उकाडा, आणि बाईंच्या हातावर काटा. पाय कुठं ठेवावेत ते कळेना. एकदा इकडे घेतले, एकदा तिकडे.

माशाल्ला गाडी चालवत होता. सातव्या जांभईला त्यानं कडेनं पाहिलं. अकराव्या जांभईला वेग कमी केला. चौदाव्या जांभईला गाडी रस्त्याच्या कडेला एका चहाच्या टपरीपाशी उभी केली.

"खानम, ही सर्दी नाही."

"पिसांची आहे," इशरत खानम नाक पुसत म्हणाल्या. "तुझ्या वीस कबुतरांची पिसं माझ्या नाकात गेली आहेत."

"पिसांनी शिंका येतात. जांभया येत नाहीत. चौदा झाल्या."

"तू माझ्या जांभया मोजतोस?"

"तुम्ही माझ्या मोजायचात, खानम. त्या तक्त्यावर वेगळा रकाना होता जांभयांचा." आणि त्याला हसू फुटलं. आवरायचा प्रयत्न केला तसं ते आणखी वाढलं, शेवटी कपाळ स्टिअरिंगवर टेकून तो गदागदा हसत राहिला, आणि त्याच्या धक्क्यानं भोंगा वाजला, आणि मागच्या वीस कबुतरांनी एकदम पंख फडफडवले. "अकरा महिने," तो धापा टाकत म्हणाला, "अकरा महिने मी असाच बसायचो तुमच्यासमोर. नाक असंच. पाय असेच. आणि तुम्ही चमचा धरून म्हणायचात, माशाल्ला, जरा मन घट्ट कर."

इशरत खानम संतापानं थरथरल्या. संतापानं की कशानं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. त्यांना गोळी हवी होती. इतकी हवी होती की टपरीवाल्याकडे, रस्त्यावरच्या ट्रकवाल्याकडे, कुणाकडेही हात पसरला असता. मग तहमिनेचा कागद डोळ्यांपुढे आला. पूर्वीपेक्षा जास्त लागतं का? दोनाच्या दहा. अंगाला त्रास? हा काय चाललाय तो. लपवाछपवी? चष्म्याची डबी. चौथ्या प्रश्नापर्यंत जायची गरजच नव्हती. आयुष्यभर त्यांनी मुलींच्या वह्यांत चुकीच्या उत्तरावर फुली मारली होती. समोर आलेलं बरोबर उत्तर चूक म्हणायला त्यांची जीभ वळेना.

"बामला औषधाचं दुकान असेल," त्या हळूच म्हणाल्या.

"असेल. एकदम तोडायचं नसतं, जीव जातो नुसता. तहमिने नीट उतरवून देईल. आजच्यापुरती घेऊ." त्यानं गाडी सुरू केली.

दुकानासमोर मात्र इशरत खानम उतरायला तयार होईनात. लाल नाक, ओघळलेले डोळे, आणि प्रांतात कुठंही जा, त्यांची एक तरी विद्यार्थिनी भेटायचीच. माशाल्ला गेला. तो आत दिसेनासा झाला आणि मग बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सोळा महिने अफूपासून लांब राहिलेल्या माणसाला आपण अफूच्या धाकट्या बहिणीकडे पाठवलं. एकट्याला. त्या दार उघडून धावल्या, डोक्यावरचा रुमाल खांद्यावर, चप्पल एकाच पायात. दारातच तो समोर आला. गोळ्यांची पट्टी त्यानं दोन बोटांत, अंगापासून लांब धरली होती, मेलेला उंदीर शेपटीनं उचलून न्यावा तशी. त्यानं ती त्यांच्या ओंजळीत टाकली आणि हात पँटला पुसला.

"दोनच घ्या," तो म्हणाला. "बाकीच्या तुमच्याकडे. मला दाखवू नका."

गाडीत बसल्यावर त्यांनी मोजून दोन गोळ्या गिळल्या. गोळी पोटात उतरली तसे इशरत खानमचे पाय शांत झाले. डोकं मात्र कधी नव्हे इतकं साफ चाललं होतं.

"माशाल्ला, तुला माहीत होतं? डबीचं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"सरबत संपलं त्या आठवड्यापासून. तुम्ही अंघोळीला गेला होतात. डबी मेजावर होती. मी उघडली, बंद केली. परत उघडली, परत बंद केली." तो समोरच्या रस्त्याकडे बघत होता. "दुसऱ्या दिवशी बाजारात गेलो आणि कबुतरं आणली. खाली राहिलो असतो तर एक दिवस नुसतीच उघडून थांबलो नसतो, खानम. गच्चीवर डबी नव्हती."

इशरत खानमना वाटलं, पायाखालची गाडीच निघून गेली. ज्या गच्चीबद्दल त्या केंद्रात जाऊन रडल्या, त्या गच्चीवर त्यांनीच त्याला पाठवलं होतं. पहाटेपासून अंधारापर्यंत. "मग बोलला का नाहीस?"

"मी कोणत्या तोंडानं बोलणार? मी अफूबाज, तुम्ही इशरत खानम. घरात एक जण तरी सरळ आहे, याच्यावर मी सरळ झालो."

त्या खूप रडल्या. मग रडता रडता चौदा जांभया आठवल्या आणि हसायला लागल्या, आणि तोही लागला. शेवटी टोपल्यांमधला गोंधळ असह्य झाला तेव्हा त्या स्वतः उतरल्या, मागचं दार उघडलं आणि एकेक टोपली मोकळी केली. वीसच्या वीस वर गेली, एक गिरकी घेतली आणि केरमानच्या दिशेनं वळली. फरांगीससुद्धा.

बुधवारी केंद्रात सभा असते. उपचार घेणारे पुढच्या खुर्च्यांवर, त्यांचे सोबती मागे. इशरत खानमच्या गोळ्या आता रोज सकाळी केंद्रातच मिळत, मोजून, आणि घरात एकही राहत नसे. पण उतरवण्याच्या पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं एकदा उभं राहून नाव सांगायचं, हा तिथला नियम. या नियमाच्या भीतीनं बाई दोन रात्री झोपल्या नव्हत्या. तीस वर्षं शाळेत, चाळीस वर्षं घरात त्या वर उभ्या होत्या. आज त्या खाली येणार होत्या, आणि ते बघायला माशाल्ला मागे बसणार होता. गोळ्या सुटतील याची त्यांना खात्री वाटत होती. त्याच्या डोळ्यांत आपण पूर्वीच्याच राहू, याची नव्हती.

मागच्या रांगांत सगळ्या बायकाच. त्यांच्यामध्ये माशाल्ला एकटा पुरुष, अंग चोरून बसलेला. उजवीकडची त्याला खजूर भरलेली कोलोम्पे बिस्किटं देत होती, डावीकडची पिस्ते, आणि नाही म्हणणं रीतीला धरून नसल्यानं त्याचे दोन्ही खिसे भरले होते.

तहमिनेनं खूण केली. इशरत खानम उठल्या.

"मी इशरत खानम. तीस वर्षं मी गणित..."

"नुसतं नाव," तहमिने म्हणाली. "इथं कुणी खानम नाही, कुणी आका नाही. आणि काय घेता ते."

त्यांनी समोरच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी इशरत. कोडीनच्या गोळ्या. अकरा वर्षं. रोज दहा." त्या खाली बसायला लागल्या, मग पुन्हा ताठ झाल्या. "दहा नाही. शेवटी शेवटी बारा."

"सलाम, इशरत," शंभर माणसं एका आवाजात म्हणाली.

पोरवय सोडलं तर त्यांना कुणी नुसत्या नावानं हाक मारली नव्हती. आणि सगळ्यांचा आवाज खाली बसल्यावर, एक श्वासभर उशिरा, मागच्या रांगेतून कोलोम्पेनं भरलेल्या तोंडातला आवाज आला.

"सलाम, खानम."

लोक हसले. तहमिनेनं मेजावर टकटक केलं. "माशाल्ला, नियम माहीत आहे ना तुम्हाला? दोन वर्षं पाळलात."

"माहीत आहे," माशाल्ला उभा राहून म्हणाला. "पण यांना मी दुसरं काही म्हणू शकत नाही. जीभच वळत नाही."

सभागृहात पुन्हा हशा पिकला, बायकांनी त्याला हाताला धरून खाली बसवलं, आणि इशरत खानम, अजून उभ्याच, सगळ्यांसमोर नाक पुसत हसत राहिल्या.